पडवळ कोणाला आवडतं?

ईस्टरच्या दिवशी जेम्सने पोर्कच्या मटणाच्या कालवणातला फक्त बटाटा उचलला, तेव्हाच मर्लिनला कळलं. कुठेतरी काहीतरी शिजत होतं आणि ते तिच्या चुलीवर नव्हतं.

"मटण घे ना."

"घेतो. मस्त झालंय."

त्याने घेतलं नाही. बटाट्याबरोबर भात खाल्ला, हात धुतले आणि वाडीत केळींना पाणी सोडायला निघून गेला.

गिरीज गावात मर्लिनचं कालवण म्हटलं की पुढे बोलायचं काम नसे. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला चहाही धड येत नव्हता. सासूने तिला चुलीपुढे बसवलं आणि रडवून रडवून शिकवलं. सासू गेली तोवर सून तिच्यापेक्षा वरचढ झाली होती. लग्नघरचे लोक आधी तिची तारीख विचारायचे, मग फादरची. उन्हाळ्यात मसाला कुटून घेताना ती स्वतः उभी राहायची. बाटल्या ठासून भरायची. त्यात काय काय असतं ते तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

वाडीत पडवळ होतं, दुधी होता, वालपापडी होती. सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा आणि सगळं घेऊन जायचा. घरात भाजी शिजे ती उपवासकाळात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ती शिक्षेसारखी गिळायची आणि ईस्टरला सुटायचं. सगळं गाव सुटायचं. जेम्स सुटला नव्हता.

ईस्टरनंतरच्या रविवारी त्याने नुसता रस्सा घेतला. पुढच्या रविवारी म्हणाला, पोट जड आहे.

जेम्सची मोठी बहीण ॲनी शेजारच्या घरात राहायची. शाळेतून निवृत्त झाली तरी तिची नजर अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचत होती. कुंपणापाशी येऊन ती हळूच म्हणाली, "मर्लिनबाय, त्याने माळ तर नाही ना घातली?"

"कसली माळ?"

"तुळशीची गं. माळ घातली की मटण-मासे बंद. हल्ली शर्टाचं वरचं बटण लावतो, बघितलंस?"

मर्लिनने बघितलं नव्हतं. आता बघितलं. बटण खरंच लावलेलं होतं. संध्याकाळी जेम्स विहिरीवर आंघोळीला बसला तेव्हा ती साबण द्यायच्या निमित्ताने गेली. त्याच्या गळ्यात साखळी होती आणि साखळीत क्रूस होता. आणखी काही नव्हतं. तिने मानेच्या मागूनही पाहून घेतलं.

"काय झालं?" जेम्स म्हणाला.

"मळ आहे मानेवर. घास."

माळ नाही म्हटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माळ असती तर निदान कारण तरी कळलं असतं.

कंपनीतून निवृत्त झालेला जेम्स उपवासकाळापासून मंगळवारी आणि शनिवारी स्कूटर काढून जायचा. बँकेत जातो म्हणायचा. आता तिच्या लक्षात आलं की बँकेतून आला की त्याला भूक नसते. त्याने काढून टाकलेला शर्ट तिने एका शनिवारी नाकाशी धरला. दारूचा वास नव्हता. अत्तराचा नव्हता. पण काहीतरी होतं. ओळखीचं, आणि तरीही तिच्या घरातलं नव्हे. शर्ट घेऊन ती कुंपणाशी गेली.

ॲनीने डोळे मिटून हुंगलं. "हिंग."

"हिंग?"

"फोडणीतला हिंग. आमच्या शाळेत जोशीबाई डबा उघडायच्या तेव्हा हाच वास." ॲनीने शर्ट परत दिला. "तुझ्या घरात हिंग आहे?"

"कधीच नव्हता."

"मग हा जेवतोय कुणाकडेतरी. आणि जिच्याकडे जेवतोय तिने समोर उभं राहून फोडणी दिलीय."

मर्लिनने शर्ट बादलीत बुडवला. दोनदा साबण लावला. एखाद्या बाईने तिचा नवरा नेला असता तर ती बाई कशी असेल, एवढं तरी तिला मनात उभं करता आलं असतं. पण बाईने त्याला जेवायला घालून नेलं होतं. मर्लिनच्या घरातून. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. गावाला कळलं असतं तर पुढच्या लग्नाला कोण बोलावणार होतं तिला?

मंगळवारी जेम्सची स्कूटर वळणापलीकडे गेली आणि तिने रिक्षाला हात केला. रिक्षावाला सुरज तिच्या ओळखीचा होता.

"त्या पांढऱ्या स्कूटरच्या मागे चल. जवळ नको जाऊस."

"जेम्स अंकल आहेत ना ते? हॉर्न देऊ?"

"हॉर्न दिलास तर पैसे मिळणार नाहीत."

सुरज आरशातून बघत राहिला. विरारचा पूल ओलांडून स्कूटर पूर्वेला उतरली. चंदनसारच्या बाजूला वळली. नव्या इमारती, त्यांच्या मध्ये अर्धवट इमारती, आणि मधोमध राहून गेलेली एखादी बैठी चाळ.

"आंटी, एक बोलू?" सुरज म्हणाला. "अंकल तसे वाटत नाहीत."

"कसे?"

"तसे."

"तू रस्त्याकडे बघ."

एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यापुढे स्कूटर थांबली. वर पाटी होती, घरगुती शाकाहारी जेवण. दारात पाण्याचं पिंप आणि चपलांचा ढीग. मर्लिन पलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी राहिली.

आत चार टेबलं होती. जेम्स भिंतीकडच्या टेबलावर बसला, त्याची रोजची जागा असल्यासारखा. तिच्यापेक्षाही वयाने मोठी असेल अशी एक बाई आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, कपाळावर घाम. तिने ताट ठेवलं. मर्लिनला एवढ्या लांबून ताटातलं दिसलं नाही. जेम्स दिसत होता. त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. मोबाइल काढला नाही. इकडेतिकडे पाहिलं नाही. मग त्याने मान वर केली आणि आणखी मागायला वाटी पुढे धरली.



तिच्या घरात त्याने कधी वाटी पुढे धरली नव्हती. ती वाढायची, तो खायचा आणि मस्त झालंय म्हणायचा. दुसऱ्यांदा मागितलेलं तिला आठवेना. ती आठवत राहिली. पोरांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचं जेवण आठवलं, सासूला जाऊन वर्ष झालं तेव्हाचं आठवलं. एकदाही नाही.

ती रस्ता ओलांडून आत गेली आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

जेम्सच्या तोंडात घास होता. तो तसाच राहिला.

"कोन ह्या?" म्हातारीने विचारलं.

"घरातल्या," जेम्स म्हणाला.

"मग इतके दिवस आनलं का नाय? बसा बाय. तेजस्वी, पानी दे गं." आतून सून पाणी घेऊन आली. मागोमाग ताटही आलं.

तांदळाची भाकरी. आंबट वरण. पडवळाची भाजी, चण्याची डाळ घातलेली. बस्स.

मर्लिनने भाजी बोटाने उलगडली. खाली काही लपलेलं नव्हतं. तिने एक घास खाल्ला. मग दुसरा, नीट चावून. लसूण नाही. खोबरं नाही. साखर? साखरही नाही.

"ह्यात काय घालता तुम्ही?" तिने म्हातारीला विचारलं.

"काय नाय. तेल, मोहरी, हिंग, मिरची. मीठ."

"आणखी?"

"आनखी काय? पडवल."

मर्लिनला ते पटलं नाही. तिच्या बाटलीतल्या मसाल्यात काय आहे असं कुणी विचारलं की तीही असंच म्हणायची, काही नाही हो, आपलं नेहमीचंच. आणि मागे कितीतरी जिनसा दडलेल्या असायच्या.

"भागूबाई खरं सांगतायत," जेम्स हळू आवाजात म्हणाला. "मीही विचारलं होतं."

"तू इथे का येतोस?"

"लाइट बिलाच्या कामाला आलो होतो. शुक्रवार होता, उपवासकाळ. भूक लागली म्हणून बसलो."

"उपवासकाळ संपला."

"हो."

"मग?"

जेम्सने पाण्याचा पेला फिरवला. "आवडतं."

"काय आवडतं?"

"पडवळ."

शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवायचा थांबला होता. मर्लिनने आवाज खाली आणला. "पडवळ कोणाला आवडतं? आपण टेम्पोत भरून देतो ते."

"हेच. तू हसशील म्हणून सांगितलं नाही."

"आणि मटण?"

त्याने भाकरीचा तुकडा वरणात बुडवला.

"जेम्स, मटण?"

"तुझ्या हाताला अख्खं गाव मानतं. मी काय बोलणार?"

तिने ताट पुढे ढकललं नाही. पूर्ण जेवली, कारण पैसे द्यायचे होते आणि कारण भाजी चांगली होती. दुसरं कारण तिने स्वतःलाही लगेच सांगितलं नाही. घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली, पण हात त्याच्या खांद्यावर न ठेवता तिने मागची दांडी धरली. बाई असती तर एक भांडण करून मोकळं होता आलं असतं. आता तिला एकेक जेवण संशयाने परत मोजावं लागणार होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचं.

गुरुवारी टेम्पो आला तेव्हा तिने दोन पडवळं बाजूला काढली. व्यापारी म्हणाला, "किडकी आहेत का?" ती पडवळं घेऊन आत गेली. दुपारी तिने दुकानातून हिंग आणला आणि तेल तापवलं. भागूबाईने सांगितलं होतं तेवढंच घातलं. मसाल्याच्या बाटलीकडे दोनदा हात गेला, दोनदा मागे आला. भाजी टेबलावर ठेवली. वाढली नाही.

"जेवून घे. मी वाडीत आहे."

समोर बसली असती तर तो मस्तच म्हणाला असता.

ती परत आली तेव्हा जेम्स ओट्यावर बसला होता. तिने झाकण उचललं. पातेलं अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. ती मागच्या दाराने बाहेर गेली. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पाहिलं. उकिरड्यावर काठीने उकरलं. कुत्र्याचं भांडं चाटूनपुसून लख्ख होतं, पण ते रोजच तसं असायचं.

"काय शोधतेस?" जेम्सने मागून विचारलं.

"काही नाही. कशी झाली?"

"तिखट झालीय."

मर्लिन काठी घेऊन तशीच उभी राहिली. सासू गेल्यापासून तिच्या स्वयंपाकाला कुणी असं बोललं नव्हतं.

"तिखट? दोनच मिरच्या होत्या!"

"दोन जास्त होतात. भागूबाई एकच घालते."

"तू मोजल्यास तिच्या मिरच्या?"

"वाटीत दिसते की."

"आणि तिची मिरची कुठली? बाजारातली, पाणचट. ही आपल्या वाडीतली आहे. एक म्हणजे तिच्या तीन."

"मग अर्धी घाल."

"अर्धी मिरची घालून कोणी भाजी करतं का, वेड्या?"

"करून बघ ना."

जेम्स उठून उभा राहिला होता. बोलताना खाली बघत नव्हता. मर्लिनने काठी टाकली, आत गेली आणि उरलेली भाजी पातेल्यातूनच खाऊन पाहिली. तिखट होती. पण तसं कबूल करायच्या आधी तिला त्याच्याशी अजून थोडं भांडायचं होतं.