दोन रिंगणांच्या मध्ये इलिंका

ओदेताबाई आमच्या वास्लुई जिल्ह्यातल्या शाळेत गणित शिकवायच्या. फळ्यावरचं पोरांच्या डोक्यात शिरलं नाही, की त्या वर्गच अंगणात काढायच्या. मी शेजारच्या वर्गावर, त्यामुळे खिडकीतून सगळं दिसायचं.

त्या दिवशी धडा होता दोन संचांच्या छेदाचा. बाईंनी फरशीवर खडूने एकमेकांत शिरलेली दोन मोठी रिंगणं काढली. उदाहरण घेतलं ते आमच्याकडे घरोघरी असतं तसलंच.

"ज्यांचे वडील परदेशात कामाला, ते डावीकडे. ज्यांची आई, ते उजवीकडे. दोघंही असतील, तर हा मधला सामाईक भाग. तोच छेद!"

पोरं धावली. इलिंका गुपचूप डाव्या रिंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"ए इलिंके, तुझी आई पण इटलीत आहे ना?" नेकुलाय ओरडला. "मध्ये हो की! बाई, ही लबाडी करतेय!"

"जा गं, मध्ये जा," बाई हसून म्हणाल्या.

ती मध्ये गेली. तिथे ती एकटीच.

"बघा, छेदात घटक एकच!"

"मग तुला रांधून कोण घालतं गं?" नेकुलायने विचारलं. "तुला सांभाळणारी आजी तर हाड मोडून काकूकडे पडलीय."

"मीच," ती खाली बघत म्हणाली. "मला मक्याच्या पिठाची ममालिगा शिजवता येते."

बाई बुटाने खडू पुसायला लागल्या. रेघा काही जाईनात.

पुढचं बाईंनीच मला नंतर सांगितलं. शाळा सुटल्यावर त्या तिच्या घरी गेल्या. पोरीने दार नुसतं किलकिलं केलं.

"आईला कळवू नका, बाई. मी तिला सांगितलंय, काकू माझ्याजवळ झोपते म्हणून. नाहीतर ती काम सोडून येईल."

"तुला सगळ्यांसमोर उभं केलं मी. चुकलं माझं, बाळा."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"तेच तर. वर्षभर माझ्यासमोर बसतेस आणि मी कधी विचारलं नाही."

तरी बाईंनी तिथूनच आईला फोन लावला आणि पोरीला आपल्या घरी नेलं. इलिंका त्यांच्या हातचं जेवायची, पण बोलायची नाही. काही दिवसांनी आई बसमधून उतरली, तेव्हा बाई इलिंकाला घेऊन थांब्यावर आल्या होत्या.

"बाई, तुम्हाला तोंड कसं दाखवू?" ती म्हणाली.

"मीही हेच म्हणायला आले होते," ओदेताबाई पुटपुटल्या.

दोघी जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी इलिंकानेच आईची पिशवी उचलली आणि ती आपल्या घराकडे चालू लागली.