आबांची थप्पी

सर्जेराव आबा फोनवर बोलताना फोन हातभर लांब धरायचे आणि तोंड साताऱ्याच्या दिशेला करायचे. आवाज तिथवर आपल्यालाच पोचवायचा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. सारा जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमालांचे मुकादम म्हणून गेलेला. लॉरीच्या आवाजावर आवाज चढवायची सवय निवृत्तीनंतर कुठली जायला? "हळू बोलतोय त्याच्या मालात खोट असती," असं ते म्हणत, तेही ओरडूनच.

शेजारच्या घरातलं माझं स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांत एकच भिंत. त्यांच्याशी भांडायला लागणारा गळा माझ्याकडे नाही, म्हणून मी गप्प होते. त्यांच्या सुनेला, वैशालीला, मात्र गप्प बसून चालणार नव्हतं. ती घरूनच परदेशातल्या कंपनीचं काम बघते. मीटिंगमध्ये एका साहेबानं काळजीनं विचारलं, तुमच्या घरी कुणाला मारताहेत का? आबा साताऱ्याला दिलेल्या बहिणीची नुसती खुशाली विचारत होते. त्या दिवशी वैशालीच्या तोंडून निघून गेलं, की असंच चाललं तर माझी नोकरी जाईल. आबांनी वाद घातला नाही. माळ्यावरची बॅग काढून दारात ठेवली. गावाला बंद घराशिवाय त्यांचं काही उरलं नव्हतं, हे वैशालीलाही ठाऊक होतं.

तिनं घाईघाईनं आवाज शोषून घेणारे करड्या रंगाचे पॅनल मागवले. आबा त्यांना गाद्या म्हणत. तुर्भ्याहून सुतार आला, पण त्यानं चौकोनावर चौकोन सरळ लावायला घेताच आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "सांध्यावर सांधा आला की थप्पी कोसळती," ते म्हणाले, आणि कांद्याची पोती रचावीत तसे सांधे चुकवत सगळे पॅनल त्यांनी स्वतः भिंतीवर चिकटवले. मी टेप कापून देत होते. खोली गोदामासारखी दिसू लागली.

चाचणीला माझी नेमणूक झाली. सून भिडेखातर बरं म्हणेल, शेजारीण कशाला म्हणेल, हा त्यांचा विचार. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि पलीकडून आवाज आला, "लॉरी मागं घे, मागं घे, बास!" अक्षर न् अक्षर कळलं. पूर्वी नुसता घुमारा यायचा, आता शब्द धुऊनपुसून येत होते. असले पॅनल खोलीतला घुमारा खातात, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवत नाहीत, हे मला पुढे कळलं. आबा माझ्या दारात आले. त्यांच्या मागे वैशाली, आणि त्यांच्या उघड्या दारातून दिसणारी ती बॅग. काय ऐकू आलं, त्यांनी विचारलं.

"अहो, ओरडलात कधी तुम्ही?" मी म्हटलं.

बॅग माळ्यावर गेली. घुमारा गेला, आबा दार लावून बोलू लागले आणि वैशालीचं कामही निभावलं. भिंत पक्की झाली या भरवशावर आबा अगदी मोकळे झाले. शेजारीण डाळीला सात शिट्ट्या देती, डाळ हाय का खडी, असं बहिणीला सांगत. मी पोळ्या लाटता लाटता ते ऐकायचे आणि रागानं आठवी शिट्टी काढायचे.

एकदा बहिणीनं खोचून विचारलं असावं, की सुनेनं खोलीला गाद्या लावल्या, अपमान नाही वाटला? आबांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला, पण मला ऐकू आला.

"अगं, आवाज नकोसा झाला की लोकं माणूसच घालवत्यात. हिनं भिंतीला गाद्या लावल्या न् माणूस ठेवला."

गेल्या वर्षी आबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर वैशाली माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हाताऱ्या माणसाला मी गाद्यांच्या खोलीत कोंडलं, मनातून दुखावले असतील, हेच तिला खात होतं. मी तिला आबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"तुम्हाला कधी म्हणाले?"

"मला नाही, बहिणीला. फोनवर."

ती डोळे पुसता पुसता थांबली. "म्हणजे काकू, तुम्हाला ऐकू येत होतं?"

"सगळं."

ती भिंतीकडे बघत राहिली. मग स्टूल ओढून बसली.

"अजून काय काय म्हणायचे?"

मी गॅस बंद केला आणि सांगायला लागले.