गुळाचं गलबत आणि माझा नकार

ते गलबत सुखरूप पोचलं, हे आधीच सांगून टाकते. कारण ही हकिकत सांगायला लागले की ऐकणारा मध्येच विचारतो, "मग बुडालं का?" नाही बुडालं. गुळाचा एक रवासुद्धा भिजला नाही. तरी त्या दिवशी मी म्हणत होते तेच बरोबर होतं, आणि आज या वयातही मी त्यातला शब्द मागे घेत नाही.

आमचं घर कोल्हापुरात, गुळाच्या पेठेच्या मागच्या अंगाला. नवरा हमालांच्या टोळीचा मुकादम. महाराज गादीवर येऊन थोडी वर्षं झाली होती. आगगाडी गावात आलेली होती, पण आमच्या मालकांची जुनी गिऱ्हाइकं गुजरातेकडच्या बंदरांवरची. त्यांचा माल समुद्रानंच जायचा. दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटायची. गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, पेठेत यायच्या, गोणपाटात शिवले जायचे आणि बैलगाड्या गगनबावड्याच्या वाटेनं घाट उतरून खारेपाटणच्या खाडीवर जायच्या. तिथं गलबतं उभी असायची. बंदरावरचे लोक रवे आपटतात, फोडतात, असं मालकांचं म्हणणं. म्हणून गलबत भरायला आमचीच टोळी गाड्यांबरोबर खाली उतरायची.

मीही जायची. आधी नुसती भाकरी थापायला आणि उसवलेली गोणपाटं शिवायला. मग हळूहळू गलबताच्या पोटात पेंढा अंथरायचं काम माझ्याकडं आलं. गूळ मोठा नाजूक माल. खाऱ्या हवेनं पाझरतो, ओल्या लाकडाला टेकला की खालून विरघळायला लागतो. म्हणून तळाला बांबू, त्यावर पेंढा, त्यावर चटया, आणि कडेच्या फळ्यांनाही चटया उभ्या लावायच्या. नवरा रवे रचायचा आणि मी मागोमाग फटी बुजवत जायची. जिथं हात शिरेल तिथं पेंढा कोंबायचा.

"माल हलला न्हाई पायजे," तो म्हणायचा. "समुद्रात गलबत एका अंगाला कललं की मोकळा माल त्याच अंगाला धावतोय. मग ते परत सरळ हुत न्हाई."

जड ते तळाला, हलकं ते वर. आत झिरपलेलं पाणी उपसायची जागा मोकळी. आणि गलबताची वरची फळी पाण्यापासून चांगली उंच राहिली पाहिजे. त्यानं मला समोर बसवून कधी शिकवलं नाही. मी पेंढा कोंबत होते आणि कान उघडे होते.

मग एका हंगामात त्याचा गुडघा गेला. ओहोटी लागत आली होती. मालकांचे दिवाणजी, म्हणजे बंदरावर त्यांचा कारभार बघणारा माणूस, वरून "आटपा, आटपा" करत होते. एका बाजूची फट बुजवायची राहिली होती. नवऱ्यानं सांगितलं, थोडं थांबा. दिवाणजी म्हणाले, वाटेत बुजवतील. तेवढ्यात शेजारचं गलबत आमच्या गलबताला घासून गेलं, धक्का बसला आणि रचलेली रांग त्या मोकळ्या जागेकडं घसरली. तिच्यापुढं तो उभा होता. आम्ही त्याला गाडीत घालून घाटानं वर आणलं. हाडवैद्यानं बांधलं, पाय राहिला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही.

पुढचा हंगाम आला तेव्हा दिवाणजी आमच्या दारात आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "आता नवा मुकादम बघावा लागणार."

मी आतून म्हणाले, "बघायचं काय त्यात? मी हाय की."

नवऱ्यानं चमकून माझ्याकडं पाहिलं. दिवाणजी हसले. पण पेठेत त्यांना त्या भावात दुसरी टोळी मिळाली नसावी, कारण दोन दिवसांनी निरोप आला, तूच टोळी घेऊन जा म्हणून. टोळीतले दोघे निघून गेले. बाईच्या हुकमानं ओझं उचलणार नाही म्हणाले. उरलेले चुळबुळत उभे होते. त्यांत एक म्हातारा मुसलमान हमाल होता, सगळे त्याला चाचा म्हणत. तो पागोटं आवळत म्हणाला, "हिच्या हातची भाकरी खाताना कुणाला लाज वाटली न्हाई. आता वो कशी वाटती रे?" आणि तो गाडीच्या मागं चालायला लागला. मग बाकीचेही निघाले.

त्या हंगामातलं पहिलं गलबत नीट भरलं, गेलं. दुसऱ्याच्या वेळी घोटाळा झाला. दोन गलबतं यायची होती, एकच आलं. धक्क्यावर माल मात्र दोघांचा. आम्ही आलेलं गलबत भरलं. पोट भरलं, वर फळ्या घातल्या, फळ्यांवरून दोर ओढून बांधला. गलबत छान बसलं होतं पाण्यात. मी चाचाला म्हणाले, "बास."

दिवाणजी आले. धक्क्यावरच्या उरलेल्या रव्यांकडं बोट करून म्हणाले, "हेही चढवा. फळ्यांवर रचा."

"फळ्यांवर?"

"मग काय डोक्यावर? दुसरं गलबत कधी येतंय कुणास ठाऊक. इथं खाऱ्या वाऱ्यात गूळ ठेवला तर आठ दिवसांत पाझरून पातळ राब होईल त्याचा. मालकांना तोंड मला दाखवायचंय."

त्यांचं तेही खोटं नव्हतं. गूळ पाझरला असता. मी म्हणाले, "आपण वर छप्पर घालू, खाली पेंढा टाकू. आमच्यातली दोन माणसं राखणीला ठेवते. गलबत येईपर्यंत माल राहील."

"मला छप्पर नको, माल गेलेला हवाय. चढवा!"

"वर वजन चढवलं की गलबत डोक्यानं जड होतंय, दिवाणजी. आत्ताच खाली बसलंय. ह्येच्यावर न्हाई."

"तू मला शिकवणार?"

"शिकवत न्हाई. सांगतेय. माझ्या टोळीचा एकबी हात ह्याला लागणार न्हाई."

आणि मी जाऊन त्या बांधलेल्या फळ्यांवर मधोमध मांडी घालून बसले.

धक्क्यावरची माणसं जमा झाली. बाई गलबतावर ठाण मांडून बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. दिवाणजी लाल झाले. चाचाला म्हणाले, "हिला उठीव." चाचा गलबतावर आला, आणि माझ्या शेजारी बसला. टोळीतले बाकीचे धक्क्यावर उभे राहिले, हात मागं बांधून.

गलबताचा तांडेल, म्हणजे ते चालवणारा, सुकाणूपाशी उभा होता. खाडीच्या तोंडावरच्या गावातला माणूस, केस पांढरे झालेले. त्याचा मुलगाच त्या गलबतावर खलाशी होता. मी त्याला म्हणाले, "तांडेल, समुद्रात तुमाला जायचंय. तुमी बोला."

तो बोलला नाही. गलबताचा धनी वेगळा, माल देणारा वेगळा, आणि याला दोघांचं ऐकायचं. त्यानं हातातला दोर उगाच गुंडाळला, पुन्हा सोडला.

भरती चढत होती तोवर मी बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं. दिवाणजींनी बंदरावरची माणसं बोलावली. त्यांनी मला हात लावला नाही. माझ्या पुढं आणि मागं रवे रचायला सुरुवात केली. गलबत बोटाबोटानं खाली बसताना मला अंगाखाली कळत होतं. दोन्ही बाजूंनी रांगा माझ्या खांद्याएवढ्या झाल्या तेव्हा मी उठले. हरले म्हणून नाही. त्या गलबतावर बसून गुजरातेला जायची माझी तयारी नव्हती म्हणून.

धक्क्यावरून पाहिलं, तर कडेची फळी आणि पाणी यांच्यात एका वितीचं अंतरही नव्हतं. तांडेलाचा मुलगा शिडाचा दोर ओढत होता. मी तोंड फिरवलं.

दिवाणजींनी आम्हाला गाड्यांत बसू दिलं नाही. आम्ही घाट पायी चढलो.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "फळीपासनं पाणी किती खाली हुतं?" मी हातानं दाखवलं. त्यानं ते अंतर आपल्या बोटांनी मोजलं. "बरं केलंस," म्हणाला.

मग बातमी आली. गलबत पोचलं होतं. दिवाणजींनी भर पेठेत मला हाक मारून थांबवलं. दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं होती.

"काय मुकादमीणबाई! पोचलं की गलबत. आता काय म्हणणं हाय?"

"त्येच म्हणणं हाय," मी म्हणाले. "वारा मंद हुता म्हणून पोचलं. तुमी भरलं म्हणून न्हाई."

लोक खो खो हसले. मला नाही, दिवाणजींना हसले असं मी त्या वेळी मनाला समजावलं. पण ते मलाच हसत होते. त्या हंगामात आमच्या टोळीला पुन्हा बोलावणं आलं नाही. पेठेतले दुसरे व्यापारीही बिचकले. अडून बसणारी बाई कुणाला हवी?

चाचा आणि मी स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी भरायला लागलो. तिथंही मी पोत्यांमधल्या फटीत पेंढा कोंबायची. मालबाबू म्हणायचा, "बाई, ही आगगाडी आहे, हिला लाटा लागत नाहीत." मी म्हणायची, "लागू देत न्हायतर न्हाई, माझा हात तसाच चालतोय."

घरात मात्र नवरा ढिला पडायला लागला. बसून राहिलेला माणूस. पेठेतून जाणारा-येणारा टोमणे मारून जायचा, ते त्याला आधी ऐकू यायचे. एकदा जेवताना म्हणाला, "अगं, एक शबुद बोलून टाक दिवाणजीस्नी. चुकलं म्हण. काम तरी सुरू हुईल."

मी घास खाली ठेवला. "तुमचा गुडघा कुणाच्या चुकीनं गेला?"

तो भाकरी कुस्करायला लागला.

"त्येनी कधी म्हटलं चुकलं? मग ज्यात माझी चूक न्हाई त्याला मी का म्हणू?"

त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, पण मी बदलले नाही.

पावसाळा सरला. एका सकाळी दारात कुणी उभं राहिलं. पाहते तर तांडेल. घाट चढून आला होता, पाय धुळीनं भरलेले. मी पाणी दिलं. नवऱ्यानं त्याला शेजारी बसवून घेतलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "बाय, त्या दिसा मी तोंड उघडूक नाय. माझो झील गलबतावर, आणि मी उघडूक नाय."

"पोचलात ना पर," मी म्हणाले.

"पोचलंय. वारो मोठो नव्हतो." मग त्यानं सांगितलं. वारा मंद होता तरी नुसत्या लाटेनं गलबत असं कलायचं की सरळ व्हायला उशीर लावायचं. पोरगा त्याच्याकडं बघायचा आणि हा दुसरीकडं बघायचा. तेवढे दिवस बापलेक एकमेकांशी धड बोलले नव्हते. "आता गलबत तू भरशील तरच मी तुमच्या मालकाचो माल नेतंय. धन्याक तसा सांगून इलंय."

आम्ही तसेच उठून मालकांच्या दुकानात गेलो. नवराही काठी टेकत आला. मालक शैव घराण्यातले, सीमेकडच्या गावातून येऊन पेठेत स्थिरावलेले. बोलताना अर्धं कानडी यायचं. गादीवर बसून त्यांनी तांडेलाचं सगळं ऐकलं. दिवाणजी शेजारीच होते. ते म्हणाले, "माल पोचला होता, मालक. एक रवा खराब नाही."

मालकांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "बरं तंगी," त्यांच्यात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, "तू भर गलबत. पण बंदरावर दिवाणजी मोठे. त्यांचं ऐकून भरायचं."

तांडेलाचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, झालं. मी म्हणाले, "मग नको."

"अगं!" नवरा म्हणाला.

"मालक, गलबत भरलं का न्हाई भरलं हे दोघांनी सांगून चालत न्हाई. बंदरावर हिशेब दिवाणजींचा, गाड्या दिवाणजींच्या, माणसांची मजुरी त्यांच्या हातानं. पर मी 'बास' म्हटलं की बास. तेवढं न्हाई दिलंत तर स्टेशनात काम हाय मला."

 तांडेल खाली बघत होता, पण या वेळी त्यानं तोंड उघडलं. म्हणाला, "ता बरोबर सांगता, शेट."

मालकांनी दिवाणजींना कानडीत काहीतरी विचारलं. दिवाणजींनी उत्तर दिलं, लांबलचक. मालकांनी ते पुरतं ऐकलं, आणि मला म्हणाले, "आयतु. झालं. बंदरावर तुझा शब्द."

टोळी पुन्हा जमली. सोडून गेलेले दोघेही आले, खाली मान घालून. त्यांना मी घेतलं आणि थेट तळात उतरवलं, पेंढा अंथरायला. ते काम बाईचं, असं ते पूर्वी म्हणायचे.

पहिलंच गलबत भरून झालं. मी "बास" म्हणाले, फळ्या घातल्या, दोर आवळला. धक्क्यावर दोन रवे उरले होते. दिवाणजी बाजूला उभे होते. म्हणाले, "दोनच तर आहेत. दोघांनी काय होतंय?"

खरं सांगते, दोघांनी काहीही झालं नसतं. मलाही ते ठाऊक होतं, त्यांनाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाई," मी म्हणाले.

भरती भरली, तांडेलानं गलबत सोडलं. ते दोन रवे आम्ही रिकाम्या गाडीत घातले आणि सगळा घाट चढून परत कोल्हापूरला आणले. पेठेत गाडी शिरली तेव्हा पायऱ्यांवरची माणसं बघून हसायला लागली, बंदरावरून गूळ परत आलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी गाडीवानाला म्हणाले, हळू घे, सगळ्यांना नीट दिसू दे.