दोन्ही नियम पाळणारा माणूस

आता या मूर्खपणाची सुरुवात कुठून करू? आधी चहा घ्या, कारण या किश्शात मी एकाच वेळी दोन ठिकाणी होतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बनारसला पाणीपुरवठ्याच्या एका पंपघरात बाबू होतो. पंपांवर नवाकोरा संगणक बसला आणि पाठोपाठ लखनऊहून दोन नियमावल्या आल्या. एक संगणक विभागाची, दुसरी सुरक्षा विभागाची. साहेब म्हणाले, "पाळंदे जी, दोनों मिलाकर देखिए। कहाँ किसकी मानें, लिख दीजिए।"

मी ऐटीत तक्ता केला. संगणक विभाग म्हणे, यंत्रावर कायम एका कर्मचाऱ्याचं नाव चालू हवं. यंत्र दर पाव तासाला 'आहात का?' विचारेल, चारदा उत्तर नाही आलं तर पंप बंद. सुरक्षा विभाग म्हणे, सुट्टीच्या दिवशी यंत्राची खोली रिकामी करा, कुलूप लावून सील करा. सील तोडायचं तर ड्यूटीवरच्या माणसाची सही हवी.

आमच्या ब्रह्मा घाटावरच्या घरी एकादशी दोन पंचांगांत दोन दिवशी आली, की बाबा काय करायचे? दोन्ही दिवस उपास! तेच संस्कार. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत मी लिहिलं, 'दोन्ही पाळावेत.' साहेबांनी वाचलं का? छे! सही ठोकली.

शनिवारी संध्याकाळी यंत्रावर माझं नाव चालू केलं, बाहेर आलो आणि चौकीदार रामदुलारकडून दार सील करवून घेतलं. रात्री यंत्र काही विचारत नसे, रविवारी दहापासून त्याची विचारपूस सुरू होणार होती.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. सकाळीच आई म्हणाली, "चाळीस बायका येतायत. नळ जाणार नाही ना रे?"

"माझ्यावर सोड!" म्हणालो आणि रुबाबात पंपघराकडे निघालो.

कोहरा असा, की स्वतःची चप्पल दिसेना. पंपघरात चिटपाखरू नव्हतं. एकटा रामदुलार सील केलेल्या दारापासून लांब, भिंतीला चिकटून उभा. कुजबुजला, "बाबू, भीतर कोई है।"

"वेडा आहेस का?" म्हणतोय तोच आतून आवाज आला. खर्रर्र… खर्रर्र…

सील शाबूत, कुलूप शाबूत, आणि दाराखालच्या फटीतून एक कागद हळूहळू बाहेर सरकत होता. अंगावर सर्रकन काटा आला. यंत्राचा प्रिंटर दाराशीच ठेवलाय हे मला ठाऊक होतं, तरी आला! इंग्रजी मजकूर मी मोठ्यानं, हिंदीत वाचला. तिथंच फसलो.

"ड्यूटी पर, पाळंदे। जवाब नहीं दे रहे हैं।"

रामदुलार दोन पावलं मागे सरला. "पाळंदे बाबू भीतर हैं… त आप कौन हैं?"

हसताय? त्या धुक्यात, त्या शांततेत तुम्हाला कुणी हे विचारलं असतं तर? मी खिशातलं ओळखपत्र काढून आधी स्वतःच पाहिलं.

खर्रर्र… दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. आता अकराला पंप बंद, दुर्गाघाटापर्यंतचे नळ कोरडे आणि घरी चाळीस बायका!

"सील तोड, रामदुलार!"

"नियम है, बाबू। पहिले भीतर वाले का दस्तख़त लाइए।"

नियम लागू कुणी केला? या शहाण्यानं!

रामदुलारनं भीतीनं डोळे मिटून हनुमानाचा जप सुरू केला, तेवढ्यात मी एका कागदावर सही केली, तो फटीतून अर्धा आत सरकवला आणि दाराला तोंड लावून म्हणालो, "पाळंदे बाबू, ज़रा दस्तख़त कर दीजिए।" थोडं थांबून कागद बाहेर ओढला.

त्यानं ती सही रजिस्टरशी ताडून पाहिली. "हाँ, एकदम उन्हीं का है।"

सील तुटलं. अकराला एक मिनिट असताना मी उत्तराची कळ दाबली. पंप चालू राहिले, आईचं हळदीकुंकू वाचलं.

रामदुलारनं मात्र टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. खुर्ची रिकामी. हातातला कागद त्यानं माझ्यापुढे धरला. "त दस्तख़त कौन किया, बाबू?"

काय सांगणार? सहीची लबाडी कबूल केली तर नोकरी जाते. म्हटलं, "पता नहीं।"

माझी बदली होईपर्यंत मग रोज घरी निघताना रामदुलार फाटकात मला अडवायचा. "बाबू, भीतर वाले को बोल के आए न?"

आणि मी, दोन नियमावल्यांची तुलना करणारा विद्वान, रोज मागे फिरायचो, त्या दाराशी वाकायचो आणि हळूच म्हणायचो, "पाळंदे, येतो हं!"