भिजायला ठेवलेल्या नऊ फळ्या

मेंग सुनचोल यांना एकही वाद्य धड वाजवता येत नाही. चोंजूतल्या एका विद्यापीठाच्या पारंपरिक संगीत विभागात त्यांनी एकतीस वर्षं वाद्यखोली सांभाळली. ढोलांच्या दोऱ्या आवळणं, कायागम या मांडीवर घेऊन वाजवायच्या लांबट वाद्याच्या बारा रेशमी तारा बदलणं, उन्हाळ्याच्या तोंडावर नदीकाठचे बोरू कापून त्यांच्या आतला पापुद्रा बासऱ्यांसाठी सोलून ठेवणं, ही त्यांची कामं. तार बदलली की ती एकदा छेडायची, मान तिरकी करायची आणि ‘चालेल’ म्हणायचं. याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

विभागप्रमुख योमबाई स्वतः नावाजलेल्या वादक. एका मैफलीनंतर त्यांनी मुद्दाम विचारलं, “मेंगसाहेब, कसं झालं?”

“तिसरी तार उतरली होती.”

“आणि बाकीच्या अकरा?”

“चालतील.”

साडेपाच वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या वादळात विभागामागचं ओदोंगचं झाड पडलं. कायागम याच लाकडाचं करतात. मेंग यांनी खोड चिरून नऊ फळ्या काढून घेतल्या आणि उत्तरेच्या भिंतीला उघड्यावर उभ्या केल्या. पाच हिवाळे फळीने ऊन, पाऊस, बर्फ सगळं सोसायचं. दर ऋतूला ती खालची वर करायची. कच्ची असेल ती फाटते. जी टिकते तिचंच वाद्य होतं. फळ्या राखाडी झाल्या, मग काळ्या. विद्यार्थी त्या कोपऱ्याला ‘काकांचं कब्रस्तान’ म्हणत.

पाच हिवाळे गेल्या वर्षी मार्चमध्ये पुरे झाले. जूनअखेर मेंग निवृत्त होणार होते. एप्रिलमध्ये एक फळी निवडायची, कारागिराकडे द्यायची आणि जायच्या आधी त्या झाडाचा आवाज ऐकायचा, असा त्यांचा बेत होता. तो त्यांनी फक्त बायकोला सांगितला होता.

मार्चअखेरीस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते बारा दिवस रजेवर गेले. त्या दिवसांत गार पाऊस लागला. तपासणी समितीही यायची होती. कार्यालयात नवीनच लागलेल्या कु सोलहीने खिडकीतून भिजणाऱ्या फळ्या पाहिल्या. दोन विद्यार्थिनींना घेऊन तिने एकेक फळी फडक्याने पुसली आणि आत नेऊन ठेवली.

मेंग काठी टेकत परतले तेव्हा भिंत मोकळी होती.

“सोलही, फळ्या?”

“आत ठेवल्यात, काका! केवढ्या भिजत होत्या बिचाऱ्या. तुम्ही नाही तर कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.”

“आत कुठे?”

“बॉयलरच्या खोलीत. उबेला.”

मेंग जिन्याच्या पायरीवर बसले. सोलहीला वाटलं, गुडघा दुखतोय.

“पाणी आणू का, काका?”

“नको. पाण्यातून काढल्यास तेवढं पुरे.”

बॉयलरच्या खोलीत पाच फळ्या उभ्या चिरल्या होत्या. तीन वाकून होडीसारख्या झाल्या होत्या. नववी, तुटक्या खिडकीजवळची, शाबूत दिसत होती. मेंग यांनी बोटाच्या पेराने ती ठोकली, कान लावला, पुन्हा ठोकली. ‘चालेल’ म्हणाले नाहीत.

कारागीर फळी बघून म्हणाला, “आज दिलीस तर जूनपर्यंत वाद्य करून देतो. पण हिला उष्णता लागलीय. पुढच्या थंडीत फाटली तर मला शिव्या घालू नकोस.”

“द्या हो,” योमबाई म्हणाल्या. “निदान ऐकून तरी जाल.”

“आणि एखाद्या पोरीच्या मांडीवर फाटली म्हणजे? परीक्षेत?”

त्यांनी फळी पुन्हा भिंतीला लावली. तोवर सोलही राजीनामा लिहून घेऊन आली होती, डोळे सुजलेले. मेंग यांनी कागद न वाचता चार घड्या घातल्या आणि फळीच्या बुडाखाली सरकवला.

“डगमगत होती,” ते म्हणाले. “दर ऋतूला उलटी करायची. बर्फ पडला तरी झाकायची नाही. समजलं?”

“हो काका.”

“कुणी झाकायला आलं तर?”

“हाकलून देईन.”

“कुणी दया दाखवायला आलं तर?”

सोलही एकदम लाल झाली. “त्यालाही.”

जूनमध्ये मेंग निवृत्त झाले. निरोपसमारंभात विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी वाजवलं. ज्या झाडाचं वाद्य वाजायला हवं होतं ते मागे भिंतीला टेकून पावसात उभं होतं.

जानेवारीत चोंजूत दीड वीत बर्फ पडला. बागकामाचे लोक ताडपत्री घेऊन आले, तेव्हा सोलही कोट न घालताच धावत बाहेर गेली आणि त्यांच्याशी भांडली. मग तिने फोन लावला.

“काका, फळीवर बर्फ साचलाय.”

“मग?”

“मग काही नाही. सांगितलं.”

“उलटी केलीस?”

“गेल्याच महिन्यात. तुम्ही जेवलात का?”

“फळीबद्दल बोल.”

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मेंग बसने आले, काठीशिवाय. सोलही भिंतीशी उभीच होती. त्यांनी फळीच्या दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला, मधोमध पेराने ठोकलं, मान तिरकी केली. मग गरज नसताना आणखी एकदा ठोकलं.

“चालेल,” ते म्हणाले. आणि वर्षभर जे करायला मनाई होती तेच तिला सांगितलं: “आता आत घे.”