न मोडलेला विक्रम

तापलेल्या मॉनिटरचा वास आला की कोपरीतला शाळेचा हॉल आठवतो. नव्वदच्या दशकात स्वतःला संशोधक म्हणवणाऱ्या एका तरुणाने आपण बनवलेला मोटार शर्यतीचा गेम तिथे मांडला होता. मी बातमीसाठी गेलो होतो. सर्वांत लांब गाडी नेण्याचा त्याचा विक्रम मोडणाऱ्याला मनगटी घड्याळ मिळणार होतं. कोळीवाड्यातल्या एका मुलीला ते दहावीच्या परीक्षेसाठी हवं होतं. ती सुसाट निघाली, पण विक्रमाच्या जरा अलीकडे गाडी थांबली. “पेट्रोल संपलं, ताई,” तो म्हणाला. आधीच्या प्रत्येकाचं तिथेच संपलं होतं. “तुमचीच टाकी बरी मोठी, दादा!” ती म्हणाली. हॉल हसला. त्याने घड्याळ खिशात घातलं. परवा त्याची मुलाखत वाचली. तो विक्रम अजून कुणालाही मोडता आलेला नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं आहे.