चौथा माणूस

माथेरानच्या माझ्या चहाच्या टपरीवरून तो रोज सकाळी हातरिक्षा ओढत जायचा. खरं तर तो बाजारातला किराणावाला. वजन घटवायला पोटाचं ऑपरेशन केलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, आता ताकद कमवा. त्यानं ओळखीच्या रिक्षावाल्या मामांची रिक्षा मागून घेतली. महिनाभर रिकामी ओढली, मग तांदळाची एकेक गोणी वाढवली.

परवा रिक्षात खुद्द मामा बसलेले, हात कुठं ठेवावेत ते न कळून अवघडलेले. मी बघतच राहिलो. तो न थांबता म्हणाला, "आधी मला रिक्षातनं न्यायला नेहमीचे तीन जण पुरायचे नाय. मागून रेटायला चौथे हे मामा असायचे."

पुढं चढ लागला. मी रेटायला धावलो.

"हात नको लावू रं," मामाच ओरडले, "ओढतोय तो!"